चौथा भाग हातठेल्यावर

रविवारी सकाळी साडेदहा वाजता हिंगणघाटच्या वेणातीर वाचनालयाचा एकुलता एक संगणक दोन गाद्यांत गुंडाळून, सुतळीने आवळून हातठेल्यावर चढवण्यात आला आणि सभासद क्रमांक एक, महादेवराव, यांच्या घराकडे निघाला. एका गादीत पडदा होता, दुसरीत डबा. कीबोर्ड मात्र मानद सचिव प्रभाकररावांनी ठेल्यावर ठेवू दिला नाही. तो छातीशी धरून, तान्ह्या बाळाला बारशाला नेतात तसे, ते ठेल्याच्या पुढे चालत होते.

वाचनालयाला लागूनच ओमप्रकाशचे रंगांचे दुकान आहे. ओमप्रकाश वाचनालयाचा अध्यक्षही आहे. तो गल्ल्यावरून उठून बाहेर आला.

"काऊन प्रभाकरभाऊ, वाचनालय मोडीत काढलं का?"

"पुस्तक देऊन राह्यलो," प्रभाकरराव न थांबता म्हणाले.

"पुस्तक कोठी हाय?"

"आत हाय."

"मंग गादी कायले?"

"पुस्तकाले धक्का नाई लागला पाह्यजे."

ओमप्रकाशने ठेला वळणाआड जाईपर्यंत पाहिले आणि गिऱ्हाइकाला पांढऱ्याऐवजी पिवळ्या रंगाचा डबा काढून दिला.

हे सारे ज्या पुस्तकासाठी चालले होते, ते पाच भागांच्या एका कौटुंबिक कादंबरीचा चौथा भाग होते. कादंबरीचे नाव गावात कोणी घेत नसे. नुसते 'पाच भाग' म्हटले की कळायचे. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर नायक यशवंत भर पुरात पुलावरून उडी घेतो आणि काठावर कंदील धरून सुमन उभी राहते. पाचव्या भागाच्या पहिल्या पानावर हाच यशवंत बडोद्याला बसून पोहे खात असतो. त्याला मिशा असतात, दोन मुली असतात आणि कांचन नावाची बायको असते. या कांचनचा पहिल्या तीन भागांत उल्लेखही नाही. मधे काय झाले ते चौथ्या भागात होते आणि वाचनालयाचा चौथा भाग बारा वर्षांपूर्वी, कोणाच्या हाती पडण्याआधीच, वाळवीने खाल्ला होता. तिसऱ्याला तिने तोंड लावले नाही, पाचव्याला लावले नाही. नेमका चौथा निवडला आणि पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत संपवला. हिंगणघाटात तो भाग शेवटपर्यंत कोणी नेला असेल तर त्या वाळवीने.

नवी प्रत मिळत नव्हती. छपाई बंद होऊन जमाना झाला होता. यशवंताने सुमनला का सोडले यावर गावात दोन तट होते. प्रभाकररावांच्या पत्नी रुख्मिणीबाई यांचे म्हणणे असे की यशवंतावर काहीतरी बालंट आले असले पाहिजे. बाकीच्या बायकांचे म्हणणे असे की पुरुषाची जातच तशी. कांचनला मात्र दोन्ही तट नावे ठेवत.

मग २००६ च्या जुलैत वाचनालयाची वार्षिक सभा झाली. ओमप्रकाशने विषय काढला की वाचनालयाचा हॉल मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यावा.

"किताबी कोन वाचते आता?" तो म्हणाला. "बुरा मत मानो भाऊ, पन तुमचे सभासद त्या एका चौथ्या भागासाठी बारा वर्सापासून मेंबर हायेत. तो तं तुमी देऊ शकले नाई."

प्रभाकरराव तीस वर्षे जिनिंग फॅक्टरीच्या काट्यावर होते. कापसाच्या गाडीत पाण्याचा एक तांब्या जास्त शिंपडला असला तरी ते गाडी परत पाठवत. अशा माणसाला भर सभेत कमी वजनाचा म्हटले गेले. ते उठले. सदरा वर केला, करदोड्याला बांधलेला किल्ल्यांचा जुडगा सोडवला आणि टेबलावर ठेवला.

"पुन्याच्या प्रकाशकानं चौथा भाग सीडीवर काढला हाय. मी तो आनतो. पुस्तक आल्यापासून तीन महिन्याच्या आत हरेक आजीव सभासदापर्यंत तो पोचन. विकत घेतलेला, नियमानं, एकाच प्रतीतून. नाई पोचला तं ह्या किल्ल्या तुमच्या."

एवढे बोलून त्यांनी जुडगा उचलून पुन्हा करदोड्याला बांधला. बांधायला जरा वेळ लागला. सभा तेवढा वेळ भिंतीकडे पाहत राहिली.

हिशेब त्यांनी आधीच केलेला होता. आजीव सभासद हयात होते सहा. एकेकाला पंधरा दिवस. पहिले महादेवराव, दुसऱ्या शोभाबाई, तिसऱ्या रुख्मिणीबाई, चौथा ओमप्रकाश, पाचवे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि सहावे स्वतः सचिव. सचिवाने शेवटी वाचायचे, असा त्यांचाच नियम होता.

जुलै संपता संपता सीडी आली. तिच्याबरोबर प्रकाशकांच्या अटीही आल्या. पुस्तक एकाच संगणकावर चढेल. एका वेळी एकच वाचक वाचेल. चढवताना पुण्याला फोन करून संगणकाचा अंतर्गत क्रमांक सांगायचा, तिकडून आकडे मिळतील, ते टाकले की पुस्तक उघडेल, आणि त्या संगणकाशिवाय दुसरीकडे कुठेही उघडणार नाही. हे सगळे प्रभाकररावांचा पुतण्या प्रफुल याने केले. बसस्टँडजवळ त्याचे कॉम्प्युटर क्लासेस होते. काम झाल्यावर तो म्हणाला, "काका, हे कुलूप तोडता येते. सहा कोऱ्या सीड्या आना, सहा कॉप्या मारून देतो. संध्याकाळपर्यंत सगळ्याईच्या घरी."

"पैसे कितीदा देले आपन?"

"एकदा."

"मंग पुस्तकं सहा कशी होतीन?"

काकांचा चेहरा पाहून प्रफुलने कोऱ्या सीड्यांचा विषय सोडला.

"मंग वाचनालयातच बसून वाचू द्या सगळ्याईले," तो म्हणाला.

"आजीव सभासदाले पुस्तक घरी न्यायचा हक्क हाय. नियम अकरा."

"पुस्तक डब्यातून निंघत नाई काका."

प्रभाकररावांनी डब्याकडे पाहिले, चारी बाजूंनी फिरून पाहिले, आणि म्हणाले, "मंग डबाच जाईन."

द्यायच्या आधी पुस्तकावर शिक्का हवा होता. वेणातीर वाचनालयाचा शिक्का पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि सतराव्या पानावर पडतो. सतरावे अशासाठी की चोर पहिले पान फाडतो, शेवटचे फाडतो, सतरावे त्याच्या ध्यानात येत नाही. प्रभाकररावांनी शिक्का पॅडवर दाबला.

"प्रफुल, पान सतरा काढ."

"काका, हे काच होय."

"पान सतरावंच हाय ना?"

"हाव, पन..."

ठप्प. पडद्याच्या मधोमध जांभळा लंबगोल उमटला. प्रफुलने पुढचे पान काढले. शिक्का तिथेही होता. त्याच्या पुढच्या पानावरही होता. प्रफुल रुमाल काढून पुसायला गेला तर काकांनी त्याचे मनगट धरले.

"वाचनालयाचा शिक्का पुसने म्हंजे काय, मालूम हाय? सभासदत्व जाते."

चुकून कोणाच्या बोटाने पुसला जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर पारदर्शक चिकटपट्टीही लावली. काम एकाच ठशात भागले याचे त्यांना समाधान वाटले.

अशा रीतीने चौथा भाग महादेवरावांच्या घरी पोचला.

महादेवराव चौऱ्याऐंशी वर्षांचे. जुन्या काळी तहसीलीत होते, त्यामुळे नियम त्यांना श्लोकांसारखे पाठ. ते भिंग घेऊन पडद्यासमोर बसले आणि एकेक ओळ भिंगाखालून काढू लागले. मधल्या चार ओळी शिक्क्यात जात. त्या ते अंदाजाने म्हणत. पण खरी अडचण ती नव्हती. त्या वर्षीच्या भारनियमनात लाईन सकाळी जायची, दुपारी कधीमधी तोंड दाखवायची आणि संध्याकाळी परत जायची. आणि महादेवराव दुपारी झोपत.

पंधराव्या दिवशी प्रभाकरराव हातठेला घेऊन दारात हजर झाले.

"कितीक झालं?"

"यशवंत अजून पान्यातच हाय," महादेवराव म्हणाले.

"मुदत सरली, महादेवराव."

"कोनाची? बसा. चहा घ्या. नियम चार काय म्हनते? सभासदाले पुस्तक वाचण्यायोग्य स्थितीत देण्यात येईल. लाईन नसताना हे पुस्तक वाचण्यायोग्य हाय का?"

"नाई."

"मंग ते त्या दिवसाले मले देल्लंच नाई. ज्या दिवसाले लाईन होती तेवढेच दिवस मोजा. माह्ये चार दिवस झाले."

प्रभाकररावांनी चहा संपेपर्यंत विचार केला. नियम चार त्यांनी स्वतःच लिहिला होता. वाळवी लागलेली पुस्तके सभासदांच्या माथी मारली जाऊ नयेत म्हणून. त्यातून सुटायला फट नव्हती. ते रिकामा हातठेला घेऊन परतले आणि वाचनालयाच्या दारावरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिले: वीज नसलेले दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत. खाली सही केली.

ओमप्रकाशने दुकानातून वाचले आणि तो खूश झाला. आता तीन महिन्यांत सहा सभासद होणे शक्य नव्हते.

घरी रुख्मिणीबाईंनी ताट वाढता वाढता विचारले, "मंग माह्या नंबर कवा येईन?"

"येईन."

"त्या म्हाताऱ्याले सांगा, यशवंताले पान्यातून काढ म्हना. सर्दी होईन."

त्यात दसरा आला. खंडेनवमीला अवजारे चालवत नाहीत आणि दसऱ्याला पुस्तके पाटावर मांडतात, ती वाचत नाहीत. महादेवरावांच्या घरी प्रश्न पडला की ही वस्तू अवजारात धरायची की पुस्तकात. महादेवरावांनी निकाल दिला की दोन्हीत. म्हणून संगणक दोन्ही दिवस पूजेत राहिला. पूजेला डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला असावा, एवढी सून ज्योत्स्नाची हौस, आणि योगायोगाने लाईनही होती. तिने डब्याला आणि पडद्याच्या पाठीला हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला. तेवढ्यात तिचे बोट कुठल्याशा बटणावर पडले आणि डब्यातून एक चपटा ट्रे अलगद बाहेर आला.

पुढचे तिने प्रभाकररावांना स्वतःच सांगितले. "काकाजी, त्यानं हात पुढं केला. नाई कसं म्हनाव? मी शिरा ठेवला."

"मंग?"

"मंग त्यानं हात आत घेतला."

प्रफुलला बोलावण्यात आले. त्याने पेचकसाने बेदाणे काढले. सीडी आता त्यात कधी चालणार नव्हती, पण पुस्तक आधीच आत चढलेले होते, म्हणून ते वाचले. डब्याला त्यानंतर बरेच दिवस साजूक तुपाचा वास येत होता.

यशवंत पाण्यातून बाहेर आल्यावर महादेवरावांनी पुस्तक परत केले. पुढचे त्यांना नको होते. माणूस वाचला ना, मग झाले, असे त्यांचे म्हणणे. कांचन कोण हे जाणण्याचे आपले वय राहिले नाही, असेही ते म्हणाले.

आता पाळी शोभाबाईंची. त्या लग्नाआधीपासूनच्या सभासद, पण गेली काही वर्षे जवळच्या जाम गावी राहत. चौकात, नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून त्यांचा ढाबा होता. चौथा भाग काळीपिवळी जीपने जामला गेला. ड्रायव्हरने पडद्याला समोरची सीट दिली आणि तिचे पूर्ण तिकीट घेतले.

चार दिवस निघून गेले. पाचव्या दिवशी ओमप्रकाश वाचनालयात आला आणि खुर्ची ओढून बसला. तो खुर्ची ओढून बसला की बातमी वाईट असते.

"प्रभाकरभाऊ, माह्या रंगाचा टेम्पोवाला आता जामवरून आला. म्हने, तुमचं पुस्तक ढाब्यावर ट्रकवाले वाचून राह्यले. एकेका टाइमाले वीस-वीस जन. तुमी तं एका वेळी एक म्हने होते ना? कायदा बिदा?"

प्रभाकररावांनी वाचनालयाला कुलूप घातले आणि पुढची काळीपिवळी धरली.

ढाब्यावर जनरेटर धडधडत होता. गल्ल्याशेजारी, लोणच्याच्या बरणीला टेकवून, चौथा भाग ठेवला होता. शोभाबाई परातीत कणीक तिंबत होत्या आणि मोठ्याने वाचत होत्या. पान बदलायचे झाले की कोपराने बटण दाबत. समोर बाजांवर पंधरा-वीस लोक ताटे घेऊन बसले होते. तंदूरवाल्याची रोटी जळाली तरी त्याचे लक्ष नव्हते.

"शोभाबाई," प्रभाकरराव म्हणाले, "एका वेळी एकच वाचक, असं सांगतलं होतं."

"एकच तं हाय. मी."

"आन् हे?"

"हे जेवून राह्यले."

एका सरदारजीने प्रभाकररावांच्या सदऱ्याची बाही ओढली. "भाईसाब, बीच में मत बोलिये. वो धर्मशाला में बेहोश पड़ा है."

प्रभाकरराव एकेका बाजेच्या मागे जाऊन उभे राहिले. प्रत्येकाच्या डोक्याच्या उंचीला वाकून त्यांनी पडद्याकडे पाहिले. पडद्याचे तोंड शोभाबाईंकडे होते. एकाही बाजेवरून एकही अक्षर दिसत नव्हते. दिसत होती फक्त पडद्याची पाठ आणि तिच्यावरचे ज्योत्स्नाचे हळदकुंकू. त्यांनी खिशातून अटींचा कागद काढला. वाचक, वाचकाने, वाचकास. ऐकणाऱ्याचे नाव कुठेही नव्हते.

परतीच्या काळीपिवळीत ते खिडकीला डोके लावून बसले होते आणि अर्ध्या वाटेवर त्यांनी एकदम मांडीवर थाप मारली. मांडी शेजारच्याची होती. त्यांनी माफी मागितली, पण चेहऱ्यावरचा आनंद झाकता आला नाही. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. सगळे आजीव सभासद एकाच बैठकीत संपणार होते. संध्याकाळी फळ्यावर दुसरी ओळ चढली: ऐकणाऱ्यास वाचकाचे नियम लागू नाहीत.

उरलेले सगळ्यांबरोबर ऐकायचे, या बोलीवर शोभाबाईंनी यशवंत बेशुद्ध असतानाच पुस्तक परत केले. एकच गोष्ट राहिली होती. क्रमाने पुढचा वाचक रुख्मिणीबाई होत्या.

"म्हंजे मी वाचाचं आन् अख्ख्या गावानं ऐकाचं?" त्या म्हणाल्या.

"हाव."

"बारा वर्स थांबली मी. मले एकटीनं वाचाचं होतं. पाय पसरून. कोनी 'पुढं काय, पुढं काय' न म्हनता. आवडलं तं तेच पान दोनदा."

"किल्ल्या जातीन, रुख्मिणी."

रुख्मिणीबाईंनी त्यांच्या कमरेकडे पाहिले. जुडगा नसता तर हा माणूस सकाळी उठून कुठे गेला असता, हे त्यांना ठाऊक होते. तो घरी बसला असता आणि डब्यातल्या डाळीच्या नोंदी ठेवू लागला असता.

"चष्मा पुसून द्या," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी वाचनालयाचा हॉल गच्च भरला. माइक कुठून आला ते कोणी विचारले नाही. जनरेटर मात्र ओमप्रकाशने आणला.

"मले काही शौक नाई," तो दोनदा म्हणाला. "गोडाऊनमध्ये पडून होता." मग पहिल्या रांगेत, पडद्याच्या मागच्या बाजूला, खुर्ची टाकून बसला. सचिव पडला पाहिजे आणि कांचनही कळली पाहिजे, अशी त्याची दुहेरी गरज होती.

रुख्मिणीबाई वाचू लागल्या. सुरुवातीला आवाज लागत नव्हता. मग यशवंत धर्मशाळेत शुद्धीवर आला आणि त्यांचाही आवाज मोकळा झाला. शिक्क्याखालच्या ओळींना त्या मान वाकडी करून पलीकडून डोकावत. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. पोस्टमास्तरांनी श्रवणयंत्राचा आवाज वाढवला होता. सुमनने पाठवलेली पत्रे यशवंताला का मिळाली नाहीत, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी पोस्टमास्तरांकडे पाहिले.

मग रात्रीच्या पावसात धर्मशाळेचे दार वाजले. बाहेर एक बाई उभी होती. तिच्या हातात सुमनचाच कंदील होता.

"यशवंताने विचारले, तू कोण?" रुख्मिणीबाई वाचत होत्या. "तिने पदर हळूच मागे सारला. यशवंताच्या तोंडून शब्द फुटेना. कारण ती..."

जनरेटरने एक उचकी दिली. दिवे आधी लखलखीत झाले, इतके की म्हातारे-कोतारे एकमेकांना तरुण दिसले, आणि मग सगळे विझले. डब्यातून फट् असा आवाज आला. हॉलमध्ये तुपाचा वास पसरला.

अंधारात पहिला आवाज ओमप्रकाशचा होता. "कारन ती कोन?"

प्रफुलने दुसऱ्या दिवशी डबा उघडला. आतली मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, जळाली होती. त्याने आपल्या क्लासमधली एक जुनी पाटी आणून बसवली. संगणक सुरू झाला. पुस्तकावर बोट दाबले तर पुस्तकाऐवजी एक चौकट आली. तिच्यात लिहिले होते की ज्या संगणकासाठी हे पुस्तक घेण्यात आले, तो हा संगणक नाही.

"नाई कसा?" प्रभाकरराव म्हणाले. "डबा तोच. शिक्का तोच. हळदकुंकू तेच."

"आतला नंबर बदलला काका."

त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली. पुन्हा पैसे भरा, नवे आकडे देते, असे म्हणाली.

"पन पुस्तक आमच्या मालकीचं हाय. डीडी पाठवला होता."

"नाही ना काका. पुस्तक आमचंच आहे. तुम्ही त्या संगणकावर वाचायची परवानगी घेतली होती."

प्रभाकररावांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिले. मग पुन्हा कानाला लावला. "बाई, पहिल्या प्रतीले वाळवी लागली. तिनं पुस्तक खाल्लं. हे जळलं तं काय जळलं, परवानगी?"

तिकडून फोनवर संगीत सुरू झाले. ते बराच वेळ ऐकून प्रभाकररावांनी फोन ठेवला. दुसऱ्यांदा पैसे भरायला त्यांनी नकार दिला. एका गाठीचे वजन दोनदा घेत नाहीत.

संध्याकाळी ओमप्रकाश, महादेवराव, पोस्टमास्तर, रुख्मिणीबाई असे सगळे हॉलमध्ये जमले. शोभाबाई जामहून आल्या. सरदारजीला उत्तर द्यायचे आहे, म्हणाल्या. तीन महिने त्या दिवशी पुरे होत होते.

प्रफुल बराच वेळ चुळबुळ करत होता. शेवटी त्याने खिशातून एक सीडी काढली.

"काका, रागावू नोका. पह्यल्याच दिवशी मी एक कॉपी मारून ठेवली होती. कुलूप तोडून. लावतो म्हटलं तं माह्या क्लासमध्ये आत्ता सुरू होते. दोन मिन्टांत कांचन मालूम पडते."

हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या सीडीच्या दिशेने सरकल्या. ओमप्रकाशची सुद्धा.

प्रभाकररावांना किल्ल्यांचे वजन कमरेला जाणवले. एक होकार, आणि जुडगा जागेवर राहिला असता. त्यांनी सीडी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली, पाठपोट पाहिली.

"शिक्का नाई याच्यावर," ते म्हणाले, आणि सीडी प्रफुलला परत दिली. "हे वाचनालयाचं पुस्तक नोहे. घेऊन जा."

शोभाबाईंनी कपाळाला हात लावला. रुख्मिणीबाईंनी फक्त, सीडी प्रफुलच्या कोणत्या खिशात गेली, ते पाहिले.

"मंग भाऊ," ओमप्रकाश घसा खाकरून म्हणाला, "तीन महिने झाले. किल्ल्या."

"झाले नाई."

"क्यालेंडर आनू का?"

"क्यालेंडर ऱ्हाऊ द्या. फळा वाचा."

सगळे दाराशी गेले. खडूची ओळ अजून तशीच होती. वीज नसलेले दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत.

"ते पुस्तकाच्या मुदतीचं होतं," ओमप्रकाश म्हणाला.

"कोनत्या मुदतीचं, ते लिवलं हाय का?"

ओमप्रकाशने ओळ पुन्हा वाचली. महादेवरावांनी भिंग लावून वाचली आणि नियमात बसते असा निर्वाळा दिला. लाईन असलेल्या दिवसांचा हिशेब लावला तर वेणातीर वाचनालयात सप्टेंबर अजून संपायचा होता.

ओमप्रकाशने फळ्याकडे पाठ फिरवली. "ठीक हाय," तो शेवटी म्हणाला. "पन ती पाटी नागपूरले दुरुस्तीले पाठवा. माह्या ओळखीचा मेकॅनिक हाय. आनं-जानं माह्याकडे. कांचन मालूम पडल्याबिगर मी किल्ल्या घेऊन तरी काय करू?"

जळकी पाटी कापसात गुंडाळून नागपूरला गेली. ती जिवंत होईल असा मेकॅनिकचा निरोप आहे. कधी, ते त्याने सांगितलेले नाही. जुडगा करदोड्याला आहे. मोबाइलच्या दुकानदाराने दुसरीकडे जागा पाहिली.

मात्र गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली. रुख्मिणीबाई दोन दुपारी प्रफुलकडे त्याच्या आईला पापडाच्या लाट्या करू लागायला गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्यापुढे चहा ठेवला, समोर बसल्या, पाय पसरले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "बिचारी कांचन. आपन उगाच नावं ठेवली तिले."

प्रभाकररावांचा कप ओठांपाशी थांबला.

हे हिला कसे कळले, असे विचारले तर ती खरे सांगणार. खरे सांगितले की सभासद क्रमांक तीनवर कारवाई करावी लागणार. आणि कारवाई करायची ती सचिवाने.

"सांगू का?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "ऐकनाऱ्याले तं तुमचा नियम लागत नाई. फळ्यावर तुमीच लिवलं हाय."

त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या वेळी त्या हे विचारतात. प्रभाकररावांनी अजून हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही. काल त्यांचा चहा दोनदा गरम करावा लागला.